डोलीत कोण झोपणार

"हा शर्ट काढ," साहेब म्हणाले. "ह्यात तू गरीब वाटत नाहीस."

मी काढला.

पटकन काढला, हे आधीच सांगून टाकतो. चर्चच्या अंगणात, पाळकांसमोर, मंडळीसमोर, बायकोसमोर. वर बनियनच्या भोकात बोट घालून म्हणालो, "साहेब, एवढी गरिबी पुरेल का, अजून फाडू?" सगळे हसले. कॅमेरावालाही हसला. सगळ्यात मोठ्याने मीच.

आकाशी रंगाचा शर्ट होता. नाताळ जवळ आला म्हणून सुमनने, माझ्या बायकोने, तलासरीच्या बाजारातून आणलेला. दुसऱ्याच्या अंगावरून न उतरलेला माझा पहिला शर्ट. तो घालून मी सकाळपासून ढाब्याच्या मालकासारखा फिरत होतो. प्रत्यक्षात मी गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या ढाब्यावर तंदूरला रोट्या लावणारा. दोन्ही हातांवरचे केस जळालेले. ड्रायव्हर लोकांना हिंदीत जोक, गुजरातीत शिव्या. मला हसवता येतं. माझ्याकडे तेवढंच होतं, आणि ते मी कुठेही वाटत सुटायचो.

ही २०१७ सालची गोष्ट. आमचा पाडा डोंगराच्या अंगावर. रस्ता खाली ओढ्यापाशी संपतो, वर नुसती पायवाट. माणूस आजारी पडलं की डोली. लांब बांबू, त्याला बांधलेली गोधडी, गोधडीत माणूस, आणि आलटून पालटून खांदे. पाड्यातली बरीच घरं आपापले देव धरून आहेत, आम्ही थोडी घरं चर्चमध्ये प्रार्थनेला जातो, तीच आमची मंडळी. डोली उचलताना तुझा देव कुठला, असं कुणी विचारत नाही. बांबू चर्चच्या वळचणीला टांगलेला असतो. त्याच्यावर कपडे वाळत घालत नाहीत. पोरांना हात लावू देत नाहीत. आणि धडधाकट माणसाने डोलीत झोपायचं नाही, गमतीतही नाही. हे कुणी शिकवत नाही. कळतं.

त्या वर्षी भातकापणीत सुमनला कळा सुरू झाल्या. भर दुपारी. मी अच्छाडला, एका ड्रायव्हरला मालकाची नक्कल करून दाखवत होतो. फोन खिशात, बंद पडलेला. नक्कल फार चांगली झाली होती.

मंडळीने विळे शेतातच टाकले. पुढे जानूकाका. म्हातारा माणूस, चर्चमध्ये सगळ्यात मागे बसणारा, गाण्यात कायम एक ओळ मागे राहणारा. त्यांनी तिला खाली आणलं, मिळेल ती जीप थांबवली, दवाखान्यात पोचवलं. मी पोचलो तेव्हा सुमन जिवंत होती. पोर नव्हतं. जानूकाका भिंतीला टेकून बसला होता, खांद्याची कातडी सोललेली. मला बघून म्हणाला, "जेवलास का?"

बाकी काही नाही. कुठे होतास, फोन का लागला नाही, काही नाही.

त्यानंतर आमची चूल मंडळीनेच पेटती ठेवली. आमचं भात कापून, झोडून घरात आणून टाकलं. आभार म्हणजे कार्यक्रम संपताना कुणीतरी मानायची गोष्ट, असं मला तोवर वाटायचं. रविवारी साक्ष द्यायला उभा राहिलो, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला. तिथेही जोक केले. रडायचं राहून गेलं.

हे सगळं पाळकांनी मुंबईच्या एका ट्रस्टला कळवलं. चांगल्या मनाने. ओढ्यापाशी कायम उभी राहील अशी एक गाडी मिळावी, एवढंच त्यांचं मागणं. आम्हा सगळ्यांचंच. ट्रस्टवाले गाडी द्यायला तयार झाले. फक्त त्याआधी, देणगीदारांना दाखवायला, एक व्हिडिओ.

म्हणून साहेब आले. आमच्याच देवाचं नाव घेणारे. पायात चकचकीत बूट, गळ्यात क्रूस, पिण्याचं पाणी सोबत. आमचा चहा त्यांनी निवेपर्यंत हातात धरला आणि खाली ठेवला.

बनियनवर मी साक्ष दिली. साहेब म्हणाले, हसू नकोस. परत दिली. म्हणाले, आधी दारू प्यायचास ते सांग. मी म्हणालो, मी पीत नव्हतो, माझ्या पोटाला चालत नाही. म्हणाले, सांगायला काय जातं. सांगितलं. पुढच्या वेळी बायकोला मारतही होतो. एवढा चांगला दारुडा आमच्या पाड्यात कुणी झाला नसेल. साहेब मान डोलवत होते, आणि मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं. सुमन समोरच बसलेली. ती माझ्याकडे बघत नव्हती. कुंपणाच्या काठीवर लटकलेल्या शर्टाकडे बघत होती.

मग साहेब म्हणाले, आता डोली. हिला झोपवा. गोधडी तीच आहे ना? तीच घ्या.

आणि माझ्या तोंडून निघालं, "झोपेल की, साहेब."

तिला न विचारता.

जानूकाका जागचा हलला नाही. पाळक जमिनीकडे बघायला लागले. सुमन उठली, घरात गेली, गोधडी घेऊन आली. घडी घातलेली. ओढ्यावर घासघासून मधला डाग फिकट झालेला, गेलेला नाही. साहेबांशी ती बोललीच नाही. मला म्हणाली:

"जाताना ह्याच्यात आम्ही दोघं होतो. येताना मी एकटी आले. आता तू सांग. झोपू?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब कॅमेरावाल्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे घेतलंस ना? हेच पाहिजे होतं."

मी काठीवरून शर्ट काढला. अंगात घातला. बटणं वरखाली लागली, तशीच राहू दिली. सुमनच्या हातातली गोधडी घेतली आणि साहेबांसमोर धरली.

"साहेब, तुम्ही झोपा. आम्ही उचलतो. आम्हाला सवय आहे."

मी बोललो आणि कुणीच हसलं नाही, असं पहिल्यांदा झालं.

"तू काय घालवतोयस, कळतंय का तुला?"

कळत होतं. "मी दारू पीत नव्हतो," मी म्हणालो. "बायकोवर हात उचलला नाही. ते आधी पुसा. मग जा."

त्यांनी पुसलं की नाही, मला माहीत नाही. गाडी आली नाही. पाळकांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही. त्यांनी साहेबांसाठीही प्रार्थना केली. मी आमेन म्हणालो नाही.

पुढच्या पावसाळ्यात जानूकाकाला शेताच्या बांधावर घोणस चावली. त्या दिवशी मी घरी होतो. पुढचा खांदा माझा. उतारावर पाय सटकत होते, आणि काका डोलीतून मलाच म्हणत होता, "दमानं रे, पडशील." ओढ्यापाशी आलो. रस्ता होता. गाडी नव्हती. येईल त्या गाडीला हात करत उभे राहिलो. एक थांबली तेव्हा काका बोलायचा थांबला होता.

ट्रस्टची ती गाडी असती तर?

मला हे कुणी विचारलं नाही. काकाच्या बायकोनेही नाही. तिने गोधडी धुतली आणि आणून दिली. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं. आता मीच मला विचारतो. शर्ट पुन्हा काढला असता का? नाही. सुमनला झोपवलं असतं का? नाही. मग काका? इथे माझी जीभ अडकते. एवढी चालणारी जीभ.

ढाबा सोडला. आता हाक ऐकू येईल एवढ्याच अंतरावर मजुरीला जातो. पाळक ह्याला पाचारण म्हणतात, देवाचं बोलावणं. मला आकाशातून आवाज वगैरे आला नाही. वरच्या घरातून कुणीतरी ओरडतं, तेवढं पुरतं. बांबू आता माझ्या वळचणीला आहे. काकाचा खांदा गेला, त्या जागी माझा. मंडळीचे आभार मी त्या बांबूखालीच मानतो, दुसरीकडे मानणार नाही.

गाडीसाठी अजून प्रार्थना करतो. आणि पुन्हा कुणी कॅमेरा घेऊन वर आलं तर हाकलणार नाही. चहा देईन. मग बांबूचं एक टोक त्याच्या खांद्यावर ठेवीन आणि म्हणेन, चला ओढ्यापर्यंत. बूट काढा, उतारावर घसरतात.

शर्ट राहू दे.