सोफ्यावरचं पडकं अँफिथिएटर

इथे परदेशात, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर मी एका जुन्या डच निसर्गचित्राची प्रत लावली होती. रोमन काळातलं पडकं अँफिथिएटर, बसायच्या पायऱ्यांवर माजलेलं गवत, पुढे शेळ्या राखणारा माणूस, वर पिवळसर आभाळ. चित्र चांगलं होतं, पण चांगलं म्हणून मी ते घेतलं नव्हतं. आपली मराठी मंडळी घरी आली की चपला काढता काढता आधी भिंत वाचतात. देव कुठले, तसबिरी कुणाच्या. त्यावरून जात ठरवतात, गप्पा मग. त्या खिळ्यावर आधी बुद्धाची आणि निळ्या कोटातल्या महामानवाची तसबीर होती. ती मी कपाटात बायकोच्या साड्यांमागे सरकवली आणि हे दगड टांगले. दगडांवरून कुणाला काही कळत नाही.

वडील गावाहून आले. भिंतीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "देऊळ आहे का रे हे?"

"नाही अण्णा, खेळ बघायची जागा."



रविवारी बँकेतला एक ओळखीचा बायकोसह जेवायला आला. नुकताच युरोप करून आलेला. चित्रासमोर उभं राहून सांगायला लागला, "पुढच्या ओळी सरदारांच्या, मागे सामान्य लोक, गुलाम पार वर. ज्याला त्याला आपली जागा माहीत! म्हणून तर टिकलं हो साम्राज्य."

मी हसलो. यजमानाने हसावं तसा.

"पडलेलंच दिसतंय की," अण्णा म्हणाले.

तो अण्णांकडे वळला. "काका, मूळचे कुठले तुम्ही? नाही, आडनावावरून अंदाज येत नाही."

इथली पीआर, कायम राहायची परवानगी, घेतली, मुलं मँडरिन शिकतात, आणि ह्याला अजून आडनावावरून अंदाज हवा!

"पुण्याचे," मीच बोलून टाकलं. अण्णांनी पुण्यात एक रात्रही काढलेली नव्हती.

अण्णांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "हा असेल पुण्याचा. मी परभणीकडचा. गावाबाहेरच्या वस्तीतला. आम्ही बौद्ध."

"छे छे, आम्ही असलं काही मानतच नाही हो काका!"

मानत नाहीस तर विचारलंस कशाला? हे तोंडात आलं होतं. अजून येतं, आंघोळ करताना, एमआरटीच्या गाडीत उभा असताना, आणि डोकं तापतं. तेव्हा मी काय म्हणालो? "श्रीखंड घ्या ना अजून."

ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "घर तुझं आहे, भिंतही तुझी. पण मला विचारलेल्याचं उत्तर तू देत जाऊ नकोस."

"अण्णा, ऑफिसात ह्याच लोकांशी गाठ असते. तुम्हाला इथलं माहीत नाही."

"इथलं नसेल माहीत," ते म्हणाले. "पण असल्या माणसाला मी शाळेत होतो तेव्हापासून ओळखतो. तुला आज ओळखलं."