काहिलीतली अंघोळ

निपाणीत गुळाच्या काहिलीत बसून अंघोळ करणारा मी पहिला माणूस आहे. दुसरा अजून झालेला नाही.

लोकांना वाटतं हे वेड मला जन्मापासून असावं. तसं नाही. मला वेड आहे ते घर सजवायचं, तेही पतसंस्थेतल्या कारकुनाच्या पगारात. स्वयंपाकघराच्या खिडकीला मी बांबूचा पडदा लावला. (तो वर गेला की खाली येत नाही, खाली आला की वर जात नाही. सध्या दोघांचंही समाधान होईल असा मध्येच थांबला आहे.) दाराला चिमणीच्या आवाजाची बेल बसवली. तेव्हापासून बेल वाजली की आमची आई मूठभर तांदूळ घेऊन अंगणात जाते आणि दारातल्या माणसाला सांगते, "सरक बाजूला, चिमण्या भितात."

पण ही सगळी माझी हौस. माझी बायको मंगल, तिनं स्वतःसाठी म्हणून कधी काही मागितलं नव्हतं. ती प्राथमिक शाळेत शिकवते. दिवसभर उभी असते आणि संध्याकाळी घरी येते तेव्हा तिचे पाय तिच्या मागून येतात.

मग माझ्या भाच्याचं बेळगावात लग्न झालं. मुलीकडच्यांनी आम्हाला हॉटेलात खोली दिली होती. "हात-पाय धुऊन येते" म्हणून मंगल न्हाणीघरात गेली ती येईचना. बाहेर वाजंत्री सुरू झाली. मी दार वाजवलं.

"बरी आहेस ना गं?"

"बरी हाय. तुम्ही जावा पुढं."

"अगं, अक्षता पडतील आता."

"माझ्या वाटणीच्या तुम्ही टाका."

आत टब होता! ती गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसली होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा नवरीपेक्षा उजळ दिसत होता. "पायातला दगड विरघळला बघा," एवढंच म्हणाली. पुढे घरी आल्यावर एकदा संध्याकाळी तळपायाला तेल चोळताना ती भिंतीला उद्देशून म्हणाली, "पाणी पार गळ्यापर्यंत आलतं."

भिंत गप्प बसली. मला गप्प बसवेना.

मी बेळगावला जाऊन कॅम्पातल्या एका दुकानात टब पाहिला. भाव ऐकला आणि टबात न बसताच अंग गार पडलं. शिवाय आमचं न्हाणीघर असं की साबण खाली पडला तर बाहेर येऊन, वळून, पाठमोरं आत जावं लागतं. टब ठेवायचा तर न्हाणीघरच टबात ठेवावं लागलं असतं.

हे सगळं मी मेहुण्याला, बाळूला, सांगितलं. बाळू संकेश्वरच्या बाजूला शेती करतो. पूर्वी त्यांचं छोटं गुऱ्हाळ होतं. आता सगळा ऊस कारखान्याला जातो, आणि गुळासाठी उसाचा रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी काहील गोठ्याशेजारी पालथी पडली होती. तिच्याखाली कोंबड्या राहत होत्या.

"दाजी, टब टब काय करतासा?" बाळू म्हणाला. "काहील न्या की. आक्का एकटी काय, निम्मी गल्ली बसंल त्यात."

"अरे, पण पाणी तापवायचं कसं?"

"काहील हाय ती, दाजी. खाली जाळ घालायचा. तिला दुसरं येतंय काय?"

मला त्या क्षणी बाळूत एक मोठा शास्त्रज्ञ दिसला. मी मंगलला सांगून टाकलं, "रविवारी तुझी अंघोळ. गळ्यापर्यंत." ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना चंदनाचा साबण घेऊन आली आणि कपाटातला कोरा टॉवेल काढून खुंटीवर ठेवला. त्या टॉवेलाकडे पाहून माझी जबाबदारी मला कळली.

शनिवारी बाळूनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून काहील आणली. ती आमच्या फाटकातून आत जाईना. आडवी जाईना, उभी जाईना. शेवटी शेजारचे चौगुले आप्पा मदतीला आले. आप्पा जैन, स्वभावानं लोण्यासारखे. त्यांनी आपल्या मोकळ्या जागेतून काहील गडगडत नेऊ दिली आणि बुटक्या भिंतीवरून ती आमच्या घरामागच्या परड्यात उतरली. ती गडगडत असताना असा आवाज झाला की गल्लीतलं प्रत्येक दार उघडलं.

आणि इथे माझी चूक झाली. आमच्या भागात कुणाच्या दारात काहील आली की त्याचा एकच अर्थ असतो: जेवणावळ. आमंत्रण वेगळं लागत नाही. काहील हेच आमंत्रण. बायका आपापली विळी घेऊन भाजी चिरायला जातात, गडी चुलवणाला जाळ घालायला जातात. गल्लीची रीतच तशी.

समोरच्या गंगूआक्कांनी गॅलरीतून विचारलं, "काय वसंता, कधी हाय?"

मी मंगलच्या अंघोळीच्या तंद्रीत. म्हणालो, "उद्या सकाळी."

"किती मान्सं?"

"फार नाहीत, आक्का. घरगुतीच."

"बरं बरं," गंगूआक्का म्हणाल्या आणि समाधानानं आत गेल्या.

रविवारी पहाटेपासून मी कामाला लागलो. परड्यात तीन मोठे दगड मांडून काहील वर ठेवली होती. भोवती बांबू रोवून ताडपत्री बांधली. आप्पांनी आपल्या बोअरची नळी भिंतीवरून दिली. बाळूनं चिपाडांचा जाळ घातला आणि पाण्यातून अशी सुरेख वाफ निघू लागली की मला बेळगावचं हॉटेल कोतं वाटायला लागलं.

मंगल टॉवेल आणि साबण घेऊन आली. काहिलीकडे बघितलं, जाळाकडे बघितलं.

"आधी तुम्ही बसा."

"का?"

"मला शिजायचं न्हाय."

तेही खरंच होतं. बाळूनं जाळ बाहेर ओढला, आणि मी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी अन् बनियन घालून (परडं उघड्यावर आहे, आणि मला माझी मर्यादा आहे) आत उतरलो. उतरलो तसाच वर आलो. पाणी छान कोमट होतं, पण तळाचं लोखंड तव्यासारखं तापलेलं!

"तळाला पाट टाका, दाजी," बाळू म्हणाला.

पाट टाकला. पाट तरंगू लागला. पाट लाकडाचा असतो आणि लाकूड तरंगतं, हे मला शाळेत शिकवलं होतं, पण ते कधी अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. मी पाट दाबून त्यावर बसलो. तो माझ्याखालून निसटला, काहिलीच्या दुसऱ्या टोकाला वर आला आणि मी पहिल्या टोकाला बुडालो. असं काही वेळा झाल्यावर लोखंडच निवलं आणि मी नुसताच बसलो.

आणि खरं सांगतो, काय सुख ते! पाणी गळ्यापर्यंत. वर आकाश. कडेला पेरूचं झाड. मी डोळे मिटले. मंगलला हाक मारून म्हणालो, "अगं, वाससुद्धा किती गोड येतोय."

मंगल म्हणाली, "पाणी तांबडं का झालंय?"

मी डोळे उघडले. बाळूनं काहील वरवर घासली होती, पण तळाच्या जोडांत कित्येक हंगामांचा गूळ दगडासारखा बसला होता. तो आता विरघळत होता. मी पाण्यात नव्हतो, पाकात होतो. हात वर काढला तर बोटं एकमेकांना सोडीनात. बनियन कातडीला चिकटलं. मिशी एका बाजूला वळली ती तशीच राहिली.

एवढ्यात पेरूच्या झाडावरून, ताडपत्रीच्या दोरीवरून, ओळीनं मुंग्या यायला लागल्या. त्यांच्यामागून मुंगळे. बघता बघता काहिलीच्या काठावर काळं गोल कडं तयार झालं आणि मी मधोमध, लाडवातल्या बेदाण्यासारखा.

"बाळू, उकळतं पाणी आण रे," मी ओरडलो. "काठावर ओत."

"थांबा, थांबा!" भिंतीवरून आप्पांचं डोकं वर आलं. माझ्या ओळखीत आप्पांनी आवाज चढवला तो त्या एकदाच. "वसंतअण्णा, मारू नका हं. जीव हाय त्यो."

"आप्पा, मलापण जीव आहे."

"तुम्ही मोठं जीव. तुम्ही थांबू शकताय. मी साखर आणतो. झाडाकडं वाट करून देऊ त्यास्नी, आपणहून जातील. तवर हलू नका."

आप्पा वाटीभर साखर घेऊन आले आणि काठापासून पेरूपर्यंत चिमटीचिमटीनं, रांगोळी घालावी तशी, साखरेची वाट आखू लागले. मुंग्या त्या वाटेकडे बघत होत्या आणि मग माझ्याकडे. मीच जास्त आवडत होतो.

तेवढ्यात पुढच्या दारात चिमणी ओरडली.

आई तांदूळ घेऊन गेली. मला तिचा आवाज आला: "काय गं, समद्या मिळून? काहील व्हय? काहील मागं परड्यात हाय. जावा की सरळ."

"आई, नको!" मी ओरडलो. पण माझी मिशी तोंडावर आली होती आणि ते नीट ऐकू गेलं नसावं.

ताडपत्री बाजूला झाली. गंगूआक्का पुढे, हातात विळी. त्यांच्यामागे गल्लीतल्या सगळ्या बायका, प्रत्येकीच्या हातात विळी. त्यांच्यामागे गडीमाणसं, झारे आणि उलथनी घेऊन. सगळे थांबले. वाफ येत होती. गुळाचा वास सुटला होता. काहिलीत मी होतो.

गंगूआक्कांनी विळी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "वसंता, तू काय करालायस?"

"अंघोळ, आक्का."

"मग जेवायला काय हाय?"

मी मंगलकडे पाहिलं. ती कोपऱ्यात उभी होती, कोरा टॉवेल छातीशी धरून. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त साबण परत कागदात गुंडाळला आणि म्हणाली, "मी भात टाकते. आलेल्या माणसांना उपाशी कसं पाठवायचं?" आणि तिचे ते सुजलेले पाय स्वयंपाकघराकडे वळले.

मुंग्यांचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मी सरळ उठलो, काठ ओलांडला आणि म्हणालो, "मंगल, थांब. भात मी टाकतो."

"तुम्ही?" मंगल आणि आई एकदमच म्हणाल्या.

"मी. ही काहील तुझ्यासाठी आणलीय." मग तिथेच, गल्लीसमोर, चड्डीतून पाक गळत असताना मी सगळं सांगितलं. हॉटेलातला टब, तेल चोळणं, गळ्यापर्यंतचं पाणी. बायका ऐकत होत्या. काहीजणी स्वतःच्या टाचांकडे बघायला लागल्या.

गंगूआक्कांनी निकाल दिला. "गडीमान्सं समदी पुढं जावा. सैपाक तुम्ही करा. बाळ्या, ही घाण त्या पेरूच्या बुडात वत आन् काहील चिंचेनं घास. नवं पाणी भरा. मंगल, तू हितनं हलायचं न्हाय."

काहिलीखाली जाळ घालायला आलेली माणसं ती, पुढं जायच्या आधी सगळी बाळूच्या मदतीला लागली. त्यांना वेळ कसला लागतो? घटकाभरात काहील लख्ख झाली, पाणी तापलं, ताडपत्रीवर आणखी लुगड्यांचे पडदे चढले. (तळाला पाट टाकायच्या ऐवजी गंगूआक्कांनी ओलं पोतं अंथरलं. बाळू म्हणाला, "हे मला ठाऊक हुतं की." मी नंतर त्याच्याशी बोललो.)

आम्ही स्वयंपाकघरात होतो. आप्पांच्या घरून बेसन आलं होतं आणि त्यांच्यासाठी बिनकांद्याचं पिठलं करायचं ठरलं. मी पहिल्यांदाच एवढ्या माणसांचं पिठलं करत होतो. मध्येच थांबलेल्या त्या बांबूच्या पडद्याखालून परड्यातला आवाज येत होता. आधी पाण्याचा. मग मंगलच्या हसण्याचा. मग एकीकडून "सरक की गं", दुसरीकडून "माझं पाय मावंनात". मंगलची अंघोळ झाल्यावर बायकांनी काठावर पाट मांडले होते (पाटाचा खरा उपयोग!) आणि सगळ्याजणी पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. मंगल मधल्या पाटावर, केस मोकळे, कोरा टॉवेल खांद्यावर.

मी पानं मांडायला गेलो तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. "पाणी गळ्यापर्यंत आलं," ती म्हणाली. "हॉटेलात एवढी मजा नव्हती."

बस्स. मी पुन्हा पिठलं ढवळायला गेलो तो हवेतूनच गेलो.

आता त्याच हवेमुळे मीठ दोनदा पडलं, की तळाला लागलं, की गुठळ्या झाल्या, हे सांगता येत नाही. बहुधा तिन्ही झालं. सगळे माना खाली घालून जेवले. बाळू दोन तांबे पाणी प्यायला. आई म्हणाली, "चिमण्यांचे तांदूळ शिल्लक हाईत, ते शिजवू काय?"

आप्पा मात्र सज्जन माणूस. ते रोज जेवायच्या आधी पहिला घास मुंग्यांना ठेवतात. त्यांनी पानातलं थोडं पिठलं घेऊन पेरूच्या झाडाजवळ ठेवलं. तिथे माझं अंघोळीचं पाणी ओतलेलं होतं आणि ओल्या मातीवर मुंग्यांची जत्रा भरली होती.

मुंग्या आल्या. पिठल्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. आणि माझ्या अंघोळीच्या पाण्याकडे परत गेल्या.