यमुनेची बिननावाची कादंबरी

यमुना गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कुरखेड्याजवळच्या एका अंगणवाडीत मुलांची वजनं घेत होते. फोन तिच्या नवऱ्याचा, मधुकरभाऊंचा. "ताई, यमुना गेली," एवढंच म्हणाले. मी काट्यावरचं मूल उतरवलं, वजन लिहिलं, उरलेल्या चौघांचंही लिहिलं आणि मग बस गाठली. मला पटकन रडू येत नाही. पण त्या चार मुलांची वजनं मी एकाच मुलाच्या नावापुढे लिहिली होती. पुढच्या आठवड्यात सेविकेने दाखवलं तेव्हा कळलं.

आम्ही नववीत एका वर्गात होतो. तिचं घर टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीत, जंगलाला लागून; माझं तलावाच्या पाळीजवळ, कारण माझे वडील तलावात जाळं टाकायचे. त्या वर्षी शाळेने वाळवी लागलेली पुस्तकं अंगणात फेकली. त्यातलं एक यमुनेने उचललं. कादंबरी होती. कव्हर नव्हतं, पहिली दहा-बारा पानं नव्हती. त्यामुळे नाव कोणतं, लिहिणारा कोण, काही कळायला मार्ग नाही. नदीकाठच्या घरात एकटी राहणारी बाई आणि भांडून निघून गेलेला तिचा भाऊ, अशी गोष्ट. यमुनेने तिचा अभ्यास करायला घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. अभ्यास म्हणजे धड्याखालचे प्रश्न सोडवणं एवढंच आम्हाला माहीत होतं, म्हणून ती प्रत्येक प्रकरणाखाली स्वतःच प्रश्न काढायची. छोट्या प्रश्नाला दोन ओळी मोकळ्या, मोठ्याला अर्धं पान. सगळे सोडवल्याशिवाय पुढचं प्रकरण उघडायचं नाही, हा तिचाच नियम. त्या बाईच्या घराचा नकाशासुद्धा काढला होता, चूल कुठे आणि दार कुठे ते दाखवून.

गुरुजींनी एकदा वही पाहिली. "यमुना, हे परीक्षेले येत नाई."

"माईत आहे, गुरुजी."

"मंग काऊन करून राह्यली?"

"परीक्षेले येत नाई म्हणूनच तर बरं वाट्टे."

मीही चिडवायची. "ते बाई पुस्तकातली आहे वो, तुही मावशी नाई."

"मावशी असती तर इतका विचार कोन केला असता!"

वार्षिक परीक्षेच्या सुमाराला मोहफुलं पडायला लागली. आमच्याकडे प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात. फुलं पडण्याआधी झाडाखालचा पालापाचोळा गोळा करून जाळायचा, जमीन स्वच्छ करायची, म्हणजे पहाटे पिवळी फुलं नीट दिसतात. यमुनेच्या घरच्या एका झाडाखालची साफसफाई त्या सकाळी आम्हा दोघींकडे होती. ती नाल्यावर पाणी आणायला गेली आणि जाताना म्हणाली, "तू पेटव तोवर." पाला दवाने ओला होता. काडेपेटीत चार काड्या, त्यातल्या तीन वाया गेल्या. तिच्या टोपलीवर ते पुस्तक होतं, मागची पानं सुटून बाहेर आलेली. आमच्या शाळेतल्या पुस्तकांमागे दुसऱ्या पुस्तकांच्या जाहिराती असायच्या. ही तीच, असं मी धरून चालले. ओढली, चुरगळली, पेटवली. पाला धडाक्यात पेटला. यमुना आली आणि म्हणाली, "वा, हुशार आहेस!"

पंधरा दिवसांनी ती शेवटच्या प्रकरणाला पोचली. गोष्टीतल्या बाईच्या दारावर थाप पडते. पुस्तक संपत होतं ते "तिने कडी काढली आणि" या शब्दांवर. यमुना पुस्तक घेऊन पळत माझ्याकडे आली. "पुढची पानं कुठी गेली वो?" मी मासे साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "वाळवीनं खाल्ली असतीन." पुस्तकाची पहिली पानं वाळवीनेच खाल्ली होती, तेव्हा तिला ते पटलं.

त्या एका वाक्यावर मी तीसेक वर्षं काढली. ती शिक्षिका झाली, पोंभुर्ण्याकडच्या एका गावात लागली. पुस्तक शोधायला चंद्रपूरच्या वाचनालयातही जाऊन आली. नावच नाही म्हटल्यावर तिथले काय शोधणार? लग्नात, बसस्टँडवर, कुठेही भेटलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला : "सांग, दाराबाहेर कोन होतं?" तिचं स्वतःचं उत्तर बदलत जायचं. लग्न झालं तेव्हा भाऊ होता. वडील वारले त्या वर्षी कोणी नव्हतं, नुसता वारा होता. मी दर वेळी म्हणायची, "पोस्टमन." ती दर वेळी हसायची... आणि माझ्या नाकात ओल्या पाल्याचा धूर भरायचा.

दोन्ही मूत्रपिंडं गेली तेव्हा तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी दुपारी गेले. तिने तोच प्रश्न विचारला आणि या वेळी मला पोस्टमन म्हणता आलं नाही. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल, किंवा हसेल. तिने उलटतपासणी सुरू केली.

"तुले वाचता येत होतं नं?"

"हो."

"पानं हातात होती?"

"हो."

"मंग एक ओळ तरी वाचली असशीन."

"नाई पाह्यलं, यमुना. शपथेनं."

तिने तोंड भिंतीकडे केलं. सलाइन थेंब-थेंब पडत होतं. भिंतीकडे बघतच म्हणाली, "आठव."

"इतकी वर्षं झाली वो..."

"आठव म्हटलं नं. पुढच्या वेळी येशीन तेव्हा सांगाचं."

पुढची वेळ आली नाही. तिने मला माफ केलं असेल, असं ज्यांना मी हे सांगितलं ते म्हणतात. ती तसं म्हणाली नव्हती. मीही म्हणणार नाही. तेव्हापासून सकाळी चूल पेटवली, की ते पान येतं. कागद जळून काळा होतो तेव्हा त्यावरची अक्षरं क्षणभर चकाकतात, पाहिलंय ना तुम्ही? तसं ते चकाकतं. अक्षरं असतात, ओळी असतात. एखादा शब्द जुळतोय म्हणेपर्यंत राख होते. परवा एक शब्द मिळाला, "ओले". तो पुस्तकातला, की त्या पाल्याचा, की मीच आता बनवलेला, सांगता येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मधुकरभाऊंनी एक नवी वही माझ्या हातात दिली. "तुमी त्या दिवशी गेल्यावर माह्याकडून मागवली. सुई लावलेल्या हातानं लिहीत होती. म्हणे, सिंधूले देजा." पहिल्या पानावर माझं नाव. खाली प्रश्न.

प्र. १. पाने किती होती? दोन ओळी मोकळ्या.

प्र. २. पेटवताना कोणती बाजू वर होती? दोन ओळी.

प्र. ३. शेवटच्या पानावरचा मजकूर पूर्ण पानभर होता की अर्धाच?

मी त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी पेन घेऊन बसले. पहिल्याला "चार" लिहिलं. दुसऱ्याला "माहीत नाही". तिसऱ्याला हात न थांबता लिहून गेले, "अर्धाच. खाली कोरं होतं." आणि मग त्या ओळीकडे बघत राहिले. म्हणजे मी पाहिलं होतं.

चौथा प्रश्न कोणता, हे सांगायला नको. त्याच्याखाली तिने सगळी वही मोकळी सोडली आहे.