नेतो वं, आणून देतो

माझ्या धाकट्या बहिणीचा सत्कार झाला त्या दिवशी माझ्या पोटात खरंच दुखलं. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही, दुखलंच. विहाराच्या ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या, मधल्या खुर्चीवर ती, अंगावर शाल, मांडीवर गुच्छ, आणि सरपंचभाऊ माईक हातात धरून सांगत होते की आपल्या गावची लेक बॉम्बगोळ्यांतून जिवंत परत आली. मी समोर सतरंजीवर बायकांमध्ये बसले होते. टाळ्या वाजवल्या. न वाजवून करते काय? सख्खी बहीण होती.

आम्ही दोघीही नर्स. चंद्रपूरला शिकलो, एकीमागून एक. मला सरकारी नोकरी लागली, तिला लागली नाही. माझ्या हातात ऑर्डर पडली ती थेट भामरागडकडची. तिकडच्या बदलीला लोक शिक्षा म्हणतात. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की जगाशी संबंध संपला. डोंग्यात बसून, लशींचा डबा मांडीवर घट्ट धरून मी नदी ओलांडलेली आहे. ज्या वाटेनं बाळंतिणीला बघायला जायचे, त्याच वाटेवर आदल्या दिवशी गोळीबार झालेला असायचा. तरी जायचे, कारण बाळ काही गोळीबार थांबायची वाट बघत नाही. अशी माझी ऐन उमेदीची वर्षं तिथं गेली. सिंदेवाहीला बदली होऊन आले तेव्हा गुच्छ सोडा, कोणी एक कप चहा पाजला नाही. का, तर मी सरकारच्या हुकमानं गेले होते. आणि ही बया सरकार नको नको म्हणत असताना गेली, तर तिला आणायला विमान! वर शाल! आता सांगा, पोटात दुखणार नाही तर काय होणार?

ती गेली कशी, तेही सांगते. तिला दिली सिरोंच्याला. नवऱ्याची मिरचीची शेती, घरात अर्धी भाषा तेलुगू. गोदावरीच्या पलीकडच्या तेलंगणातल्या गावांत घरटी एक माणूस आखातात असतो, तिथलाच एक एजंट हिला भेटला. तो म्हणाला, नर्सची फार गरज आहे. गरज असणारच, कारण तिथं लढाई चालू होती आणि तिथल्या नर्सा पळून गेल्या होत्या. त्या देशाचं नाव आमच्या घरात अजून कोणाला नीट घेता येत नाही, म्हणून आम्ही नुसतं 'तिकडं' म्हणतो. टीव्हीवर सरकार सांगत होतं, तिकडं जाऊ नका, जे आहेत त्यांनी निघून या, तरीही ज्याला जायचं त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर जावं. मी तिला फोन केला.

"सरकार नोको म्हनून राह्यलं अन् तू जाऊन राह्यली? डोकं ठिकानावर हाय का तुह्यं?"

"तू बी त गेलती भामरागडले, ताई. आई किती रडली होती तवा."

"मले ऑर्डर होती."

"मले कोनी ऑर्डर देत नाई, म्हनून त जातो," ती म्हणाली आणि हसली.

गेली. पहिल्या खेपेला लढाई शहराच्या वेशीशी आली, मग सरकारनं विमान पाठवलं, ती दिल्लीला उतरली, पेपरात फोटो आला. जाऊ नका सांगूनही गेली, आणि आणायला मात्र सरकार! मी हे घरात मोठ्यानं बोलले. नवरा म्हणाला, "तुह्यी बहीन वाचली ना, मंग?" तो धान संशोधन केंद्रात कामाला आहे, रोपाला बोलावं तितकंच बोलतो. मी म्हटलं, वाचली, चांगलं झालं, पण न्याय कोणता हा?

आल्यावर तिनं सगळ्यांना वस्तू वाटल्या. मला ब्लँकेट दिलं, चांगलं जाड, मऊ. आमच्याकडे असं ब्लँकेट पांघरायला थंडी फार तर महिनाभर, पण मी ते काढतच नाही. कपाटात आहे. वापरलं की तिचं नाव निघेल.

हे सगळं मी गिळलं असतं. गिळवलं नाही ते एकच, माझी पोरगी. एकुलती एक. तीही नर्सिंगला, शेवटच्या वर्षाला होती. मौशी आली की ही तिच्या पायाशी बसायची. मौशीनं सांगायचं, तळघरात मेणबत्त्या लावून ऑपरेशन कसं केलं, आणि हिनं तोंड उघडं ठेवून ऐकायचं. एकदा मी मध्येच म्हटलं, मी तर कंदिलावर जुळी बाळं काढली, बाहेर पूर, डॉक्टर नाही, कोणी नाही. पोरगी म्हणाली, "आई, ते सांगतलं तू मागं." हो, सांगितलं. दोनदा सांगितलं असेल. मौशीचं तळघर तिनं किती वेळा ऐकलं, ते मोजायला नको का? मी उठले आणि भाजी परतायला गेले. भाजी करपली. त्याचाही दोष मी मनातल्या मनात बहिणीलाच दिला.

पोरगी पास झाली, चंद्रपूरला एका खाजगी दवाखान्यात लागली, आणि वर्षाच्या आत एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "मौशी परत तिकडं जाऊन राह्यली. मी बी जातो तिच्यासंगं."

घास हातातच राहिला. टीव्हीवर पुन्हा तीच सूचना चालू होती. मी ओरडले, रडले, जेवण सोडलं. एका आईला जे जे येतं ते सगळं केलं. पोरगी शांत. म्हणाली, आई, मला कळतं तिथं काय आहे, मी नर्स आहे, मला जिथं लागते तिथं जायचं आहे. मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की हे वाक्य माझं होतं. तिच्या वयात मी हेच माझ्या आईला सांगितलं होतं. आणि पोरीला मात्र वाटत होतं की ते तिला मौशीनं शिकवलं.

मग मी एक डाव टाकला. त्यासाठी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे बायका मोहफुलं वेचायला जंगलात जातात. वाघ आहे, जाऊ नका, असं वनखातं गावोगाव भोंग्यावर ओरडत फिरतं. बायका ऐकून घेतात आणि टोपली उचलतात. पण कोणाची पोरगी सोबत न्यायची असेल, तर नेणारी बाई तिच्या आईच्या दारात उभी राहून म्हणते, "नेतो वं माय, आणून देतो." आमच्या बायकाही जातो, येतो, नेतो असंच म्हणतात. हे म्हटल्याशिवाय पोरगी उंबरा ओलांडत नाही. परत आल्यावर ती बाई आधी पोरीला आईच्या हवाली करते आणि मगच आपल्या घरी जाऊन पाणी पिते. पुढं काही बरंवाईट झालं, तर सरकार मोबदला देवो न देवो, गाव त्या बाईला विचारतं. आम्ही दोघी बहिणी अशाच शेजारणीच्या हाती जंगलात गेलो, अशाच परत आलो.

निघायच्या आधी बहीण पोरीला न्यायला आली तेव्हा मी मुद्दाम आईला गावाहून बोलावून घेतलं होतं. शेजारच्या दोघीतिघी आल्याच. पोरीची बॅग दारात. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, "नेतं ना? ने. पन आईसमोर म्हन, आनून देतो."

मला खात्री होती. लढाईच्या देशात नेताना हे म्हणायची छाती कोणाची होणार? आणि न म्हणता पोरगी बाहेर पडणार नाही, कारण आमच्या घरात आजवर कोणी पडलं नव्हतं. जिंकले, असंच मला वाटत होतं.

बहिणीनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. म्हणाली, "नाई म्हनत. खोटं कायले बोलू? तिथं कोनी कोनाले आनून देत नाई, ताई. पुढच्या घंट्याचं मलेच ठाऊक नसते. पोट्टी मोठी हाय, तिचा इचार तिनं करावा."

"आयकलं?" मी सगळ्यांना म्हटलं. "आयकलं ना? हे अशी जबाबदारी घेते!"

आई पदरात तोंड घालून बसली. शेजारणींची कुजबुज सुरू झाली. मला आतून गार वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत तिची मान खाली होती आणि माझी वर.

तेवढ्यात पोरगी पुढं आली. आजीच्या पाया पडली, माझ्या पाया पडली. म्हणाली, "आई, मीच नेतो मले. मीच आनून देतो." आणि माझ्या काखेखालून वाकून उंबरा ओलांडून गेली.

असं आमच्याकडे कधी कोणी केलेलं नाही. स्वतःच स्वतःसाठी हे म्हणायचं नसतं, म्हटलं तरी कोणी ते खरं धरत नाही. मी तशीच दाराला हात लावून उभी राहिले. गाडी वळली तेव्हा पोरीनं हात केला, बहिणीनं केला नाही. ती समोर बघत बसली होती.

पुढचं वर्ष फोनवर गेलं. माझ्या फोनवर ती रोज यायची. जेवली, झोपली, बरी आहे, थंडी आहे, ठेवते. हेच शब्द, याच क्रमानं. लढाई पुन्हा पेटल्यावरही हेच. टीव्हीवर दवाखान्याची पडलेली भिंत दिसायची आणि फोनवर माझी पोरगी सांगायची, आज भात बरा होता. मौशीशी मात्र तिचं काहीतरी वेगळंच चालायचं. मागून कुजबुज यायची, कधी हसणं. आणि इकडून मी 'काय गं?' म्हटलं की दोघी गप्प. युद्ध त्या दोघींचं, भात तेवढा माझ्या वाट्याला! जळफळाट होतो म्हणजे काय ते मी त्या वर्षी शिकले.

मग सरकारनं सगळ्यांना शेवटचं बोलावलं. विमानं लागली. मी पोरीसाठी खोली झाडली, मोहाच्या पोळ्या करायचं ठरवलं.

दुपारी टॅक्सी दारात थांबली. बहीण एकटी उतरली. नागपूरहून थेट माझ्याकडे आली होती, सिरोंच्याला स्वतःच्या घरी गेली नव्हती. चेहरा काळा पडलेला, पायात सूज. उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाली, "नाई आली, ताई. जागा होती इमानात. म्हनली, वार्डातली लेकरं हालवता येत नाई, मी मागून येतो. मी लय हात ओढला."

माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. कितीतरी महिन्यांपासून मी त्या जुळवून ठेवल्या होत्या. पण तिला धरू कशावरून? तिनं त्या दिवशी नुसतं 'आणून देतो' म्हटलं असतं, तर आज मला तिचा गळा धरता आला असता. गावानं मला साथ दिली असती. तिनं माझ्याकरता तेवढंसुद्धा ठेवलं नव्हतं. मी बाजूला झाले. म्हटलं, "ये आत. पाय धू."

ती मागच्या मोरीवर गेली. तिची पर्स खाटेवर होती आणि तिच्यात फोन वाजू लागला. नंबर लांबलचक, तिकडचा. मी काढला, कानाला लावला आणि नुसतं "हं" म्हटलं.

फोनवर आम्हा दोघी बहिणींचा आवाज सारखा येतो, आमची आईसुद्धा फसते.

"मौशी, पोचली का वं?" माझी पोरगी बोलू लागली. आवाज बारीक, दम लागलेला. "आईले म्हन मी मजेत हाय. भात खाल्ला म्हन." मग जरा थांबली. मागं काहीतरी धाडकन आपटलं. "मौशी, तू गेल्यापासून मले लय भेव लागून राह्यलं. आईले सांगजो नोको."

अगं, मीच आई आहे, हे अगदी ओठांवर आलं. बोलले असते तर ती लगेच भातावर आली असती. मोरीवर पाणी ओतल्याचा आवाज थांबला होता. बहीण दारात येऊन उभी होती, ओल्या पायांनी. तिनं फोन मागायला हात पुढं केला.

मी तिच्याकडे पाठ केली.

"नाई सांगत," मी पोरीला म्हटलं. "कायचं भेव लागते, सांग मले."

मग ती सांगू लागली.