तिसऱ्या रांगेतली दाद

लेकीच्या मैत्रिणीला ताप आला म्हणून मला तिकीट मिळालं. एरवी आमच्या सोळा वर्षांच्या कन्येने मला गाण्याला नेलं असतं, हे शक्यच नव्हतं. दोन वर्षांची असताना तिला आम्ही जपानात, सेंदाईला आणलं. आता मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, आणि माझा आवाज चढला की उठून खिडकी लावून घेते. शाळेच्या पालकसभेला तर "बाबांना पाठव ना" असं स्पष्टच सांगते. त्यामुळे त्या रविवारी दुपारी निघताना मी मनाशी ठरवलं होतं, आज असं वागायचं की पोरीने पुन्हा स्वतःहून बोलवावं.

सबवेत तिने अटी घातल्या.

"ताल धरायचा नाही. गुणगुणायचं नाही. मला बबडी म्हणायचं नाही. आणि आई, प्लीज, काही बोलू नकोस."

"शिंक आली तर?"

"मास्क लाव."

हॉल कसला, तळघरातली एक खोली होती. घडीच्या साठेक खुर्च्या, आणि दारातच हातात एकेक पेय. पहिल्या रांगेत एकच खुर्ची रिकामी होती, ती तिने पटकावली आणि मला तिसऱ्या रांगेत बसवलं. हे तिच्या पथ्यावरच पडलं.

गायक इंग्लंडचा, चाळिशीतला, स्वतःच गाणी लिहिणारा, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. बरोबर एक व्हायोलिनवाली बाई, एक अकॉर्डियनवाला आणि माणसाएवढं बास व्हायोलिन कवेत घेऊन उभा असलेला एक पोरगेलासा गडी. गाणी साधी, नदीकाठची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची. आवाज जरा खरखरीत, पण सुरात पक्का. मला तर फारच आवडला. श्रोते मात्र इतके शांत, की पेल्यातला बर्फ हलला तरी ऐकू यावा. गाणं संपलं की टाळ्या एकदम सुरू, एकदम बंद. तो बिचारा गिटार जुळवता जुळवता "ठीक चाललंय ना?" असं विचारायचा आणि लोक अदबीने माना डोलवायचे. माझा जीव वरखाली होत होता. पुण्यात आम्ही गवयाला असं उपाशी ठेवत नाही.

तरी मी हातावर हात दाबून बसले होते. पाचव्या गाण्यात त्या बाईने व्हायोलिनवर एक सूर धरला, लांबवला आणि हळूहळू घसरत अशी काही समेवर आली, की माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"वाऽ!"

चांगलं खणखणीत. बाईच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, अकॉर्डियनवाला खांदे हलवत हसला, आणि गायक पुढचं कडवंच विसरला. सबंध खोलीत एकानेही मान वळवली नाही. वळून पाहिलं असतं तर परवडलं असतं. मला फक्त लेकीचे कान दिसत होते, आणि ते लालबुंद झाले होते. गायकाने हसतच कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. त्यानंतर ते चौघे असे काही रंगले की विचारू नका, पण माझं लक्षच लागेना. संपलं, म्हटलं. आता ही काही मला पुन्हा कुठे नेत नाही.

कार्यक्रमानंतर सीडीवर सही घ्यायला रांग लागली. मी शहाण्यासारखी कोटांच्या खुंट्यांपाशी जाऊन उभी राहिले, कुणाचीच कुणी नसल्यासारखी. वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. दादच दिली होती, चोरी नव्हती केली.

लेकीचा नंबर आला तेव्हा गायक तिला विचारत होता, मघाशी ते 'वा' कोण म्हणालं? शेजारच्या आयोजकाने परस्पर सांगून टाकलं, जपानीतही आश्चर्य वाटलं की 'वा' म्हणतात, कुणीतरी म्हणालं असेल. विषय तिथेच मिटत होता. पोरीने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तिच्या वयात मी तेच केलं असतं.

"ते जपानी नव्हतं, मराठी होतं," ती इंग्रजीत म्हणाली आणि सगळ्या रांगेदेखत माझ्याकडे बोट दाखवलं. "ती बघा, कोटांमागे लपलीये, ती माझी आई आहे. पण तिला थँक्यू म्हणू नका हां, पुन्हा करेल."