दहा मिनिटं पुढची शाळा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात तीन गोष्टी टाकवत नाहीत. जुने माउस, तुटक्या केबली आणि किस्से. माउस आणि केबली भोरच्या माझ्या दुकानात माळ्यावर पडून आहेत. किस्से मात्र कुणी चहाला बसलं की निघतात. त्यातले निम्मे वेल्ह्याकडच्या एका शाळेचे. तिथं मी डोमेन कंट्रोलर बसवला होता.

नाव ऐकून घाबरू नका. शाळेत दहा-बारा कॉम्प्युटर होते. कुणीही कुठंही बसायचं, कुणाचीही फाइल उडवायची. म्हणून एक मशीन मुख्य करायचं, सगळ्यांची नावं आणि पासवर्ड त्याच्या ताब्यात द्यायचे. त्यानं ओळखलं तरच बाकीची मशीनं तुम्हाला आत घेणार. हे मी स्टाफरूममध्ये समजावलं, तेव्हा मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे अजून एक मुख्याध्यापक. बसवा. माझं ऐकत नाहीत, त्याचं तरी ऐकतील."

*

प्रत्येकानं आपापला पासवर्ड ठेवायचा आणि कुणाला सांगायचा नाही, असं मी दोनदा बजावलं. मधल्या सुट्टीत बघतो तर भूगोलाचे भोसले सर डबा खाता खाता सगळ्यांना आपला पासवर्ड सांगत होते!

"अहो सर, तो गुप्त ठेवायचा असतो."

"घरच्यांपासून काय गुप्त ठेवायचं? उद्या मी रजेवर असलो तर माझे मार्क कोण भरणार?"

शाळा सुटेपर्यंत सगळ्यांना सगळ्यांचे पासवर्ड पाठ झाले. फक्त धुमाळ काकांचा कुणाला माहीत नव्हता. तो टाकताना त्यांनी मलाही तोंड फिरवायला लावलं होतं.

*

धुमाळ काका शाळेचे क्लार्क. रिटायरमेंटला आलेले आणि कामाला कडक. ऑफिस साडेपाचला सुटतं म्हणजे साडेपाचलाच. त्याआधी खुर्चीतून उठणं त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं.

बाकीची मशीनं जोडून झाली, पण काकांचं काही जोडलं जाईना. बघितलं तर त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं. मुख्य मशीनच्या आणि तुमच्या वेळेत एवढा फरक असला की ते ओळखच देत नाही. मी वेळ जुळवली आणि मशीन लगेच आत गेलं.

"काका, तुमचं घड्याळ किती पुढं होतं, बघितलंत का?" मी जरा मिरवतच म्हणालो.

काका पुढचे कागद लावायला लागले. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, बिलाची काळजी लागली असेल.

*

दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन आला. "जमलं तर आजच या."

काकांची एसटी चुकली होती. रोज साडेपाचच्या जरा आधी स्टँडवरून गाडी सुटते, तिनं ते विंझरला घरी जातात. काकींची आठवण पार गेलेली. पोरं ओळखू येत नव्हती, घर ओळखू येत नव्हतं. पण संध्याकाळी एसटीचा हॉर्न ऐकला की त्या अंगणात येऊन उभ्या राहायच्या. काका उतरायचे आणि हात धरून त्यांना आत न्यायचे. त्या दिवशी गाडी आली आणि गेली, काका उतरलेच नाहीत. दिवसभर लक्ष ठेवणारी शेजारची सून धार काढायला गोठ्यात गेलेली. काकी रस्त्यानं चालत सुटल्या. एका टेम्पोवाल्यानं ओळखलं म्हणून घरी आल्या.

"ते घड्याळ मीच पुढं केलं होतं," बाई म्हणाल्या. "लवकर निघा म्हटलं तर ऐकत नाहीत, सवलत नको म्हणतात. म्हणून गुपचूप केलं. त्यांना अजून माहीत नाही. ते परत पुढं होईल का?"

मला माझ्या मिरवण्याची लाज वाटली. पण काम आपल्या जागी होतं. "एकट्याचं नाही होणार बाई. मुख्य मशीनच पुढं केलं तर सगळी होतील."

"मग सगळी करा."

"अख्खी शाळा दहा मिनिटं पुढं जाईल."

"जाऊ दे. मागं राहण्यापेक्षा बरं."

भिंतीवरचं घड्याळ पुढं झालं, घंटा पुढं झाली, पोरंही तशीच यायला लागली. काकांजवळ कुणी अवाक्षर काढलं नाही. जगाला पासवर्ड सांगणाऱ्या भोसले सरांनीही एवढं मात्र पोटात ठेवलं.

*

पुढं एकदा काकांचा फोन आला. "सर, ह्यो नवा पासवर्ड मागतोय."

"बरोबर आहे काका. दीड महिन्यानं बदलावा लागतो, तसा नियम आहे."

काकांनी आवाज खाली आणला.

"मंडळींचं नाव हाय ओ त्ये. तिला माजं नाव ऱ्हायलं न्हाई. आता म्या बी तिचं बदलू व्हय?"

त्यांच्यापुरता तो नियम मी काढून टाकला.

*

एकदा पुण्याहून तपासणीला साहेब आले. अगदी वेळेवर पोचले, तर प्रार्थना संपून पहिला तास सुरू झालेला. त्यांनी मनगटावर बघितलं, भिंतीवर बघितलं.

"मला उशीर झाला का?"

"पाबे घाटातून आलात ना?" मोठ्या बाई गंभीरपणे म्हणाल्या. "होतो कधी कधी."

*

दिवाळीनंतर काकी गेल्या. घरीच गेल्या आणि काका जवळ होते, एवढंच समाधान.

काका कामावर परत आले त्या आठवड्यात मी प्रिंटरसाठी शाळेत होतो. स्क्रीनवर साडेपाच झाले. रोज या वेळेला काका पिशवी उचलायचे. त्या दिवशी ते कागद लावत बसले. सगळा स्टाफ उगाचच ऑफिसात घोटाळत होता. खाली स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला.

"काका, गाडी लागली," मी म्हणालो.

"जाऊ द्या. मागनं जीप मिळंल." मग त्यांनी मला हात केला. "सर, जरा हितं या."

मला वाटलं, पासवर्डचं काही असेल. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. काकांनी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर बोट ठेवलं.

"ह्ये आता बरोबर करा. लई दिस सगळ्यांची धा मिन्टं वापरली म्या."