आत या, चहा तयार आहे

"वाचून पाय थबकला पाहिजे, नाहीतर तो फळा कसला!" असं म्हणून मावशी दोन पावलं मागे सरकत आणि डोळे बारीक करून आपलंच अक्षर बघत.

टोकियोजवळच्या ग्योतोकु स्टेशनच्या वाटेवर एक छोटं चर्च आहे. इथल्या चर्चबाहेरच्या फळ्यावर बहुधा येत्या रविवारच्या प्रवचनाचा विषय असतो. लोक वाचतात, न वाचतात. मावशी मूळच्या नगरच्या, जपानी माणसाशी लग्न करून इथे आलेल्या आणि आता एकट्या. त्यांना तो फळा भलताच मिळमिळीत वाटे. पाळकांकडून तो लिहायचं काम त्यांनी मागूनच घेतलं. ओळ आधी मराठीत सुचायची, मग ब्रशने जपानीत उतरायची. बँकेत कामावर जाताना मी तिथूनच जायचो, त्यामुळे पहिला परीक्षक मी.

इथे कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा, हे ठरलेलं असतं. एकदा त्यांनी लिहिलं, 'कचरा वार बघून टाकता ना? चिंता इथे कोणत्याही वारी टाका.' हे वाचून शाळकरी मुली खुदकन हसल्या, तर मावशींना तो आनंद आठवडाभर पुरला.

पण आत कुणी येईना. आणि मावशींना खरं तर एकच जण यायला हवा होता. त्यांचा मुलगा पलीकडच्याच गल्लीत राहायचा, सकाळी सायकलवरून तिथूनच स्टेशन गाठायचा. वडील गेल्यावर मायलेकांचं बोलणं कमी होत होत थांबलं होतं.

"मावशी, सरळ फोन करा की त्याला."

"छे! बोलावून आला तर काय आला? त्याला आपणहून वाटलं पाहिजे."

शेवटी त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आत या. चहा तयार आहे.' मला वाटलं, आता तरी! पण इथे 'या कधीतरी' हे नुसतं सौजन्य असतं. खरंच कुणी टपकत नाही. लोक फळ्यासमोर किंचित मान लववून पुढे जात. मुलगाही सायकल थांबवून वाचायचा, मान लववायचा आणि जायचा. मावशी चर्चच्या खिडकीतून, पडद्याआडून बघत. मग तो चहा आम्ही दोघं प्यायचो. मला त्यांच्या हट्टाचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. अंत्यविधीला मुलगा पहिल्यांदाच चर्चच्या आत आला, बूट नीट जुळवून ठेवून मागच्या बाकावर बसला. सगळे पांगल्यावर मला राहवेना.

"फळा वाचायचास ना रे?"

"हो, रोज," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "पण ते सगळ्यांसाठी होतं. आई मला बोलावेल, म्हणून मी वाट बघत होतो."